रुमाल आणि झिप

१९५६ साली बेळगाव-निपाणीचा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. जुन्या घराण्यांचे मोडी कागद मात्र रुमालांतच बांधलेले राहिले. रुमाल म्हणजे सारांश नव्हे. गाठ सोडताच अक्षर न् अक्षर जागेवर सापडते. संगणकावरील झिप फाईल हा असाच रुमाल होय. पुनःपुन्हा येणारा मजकूर ती एकदाच नोंदवून पुढे केवळ खूण ठेवते. उघडताच मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो. २००७ च्या वर्डपासून नित्याचे टंकलिखित पत्रही आतून झिपच असते. १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांनी तिची रचना सर्वांस खुली केली, म्हणूनच ती आज कोणत्याही संगणकावर उघडते. आमचे रुमाल टिकले, परंतु मोडी वाचणारे विरळ झाले. कागदाबरोबर गाठ सोडण्याची विद्याही जपावयास हवी.