कॅम सेन्सर आणि सोन्याचा वर्ख

गाडी चटकन स्टार्ट होत नाही, चेक इंजिनचा दिवा लागलाय? कॅम सेन्सर असू शकतो. बऱ्याच गाड्यांमधल्या या सेन्सरचं मूळ थेट १८७९ मध्ये आहे!

मॅक्सवेलने १८७३ च्या ग्रंथात लिहिलं होतं, चुंबकाचा जोर तारेवर पडतो, आतल्या प्रवाहावर नाही. बाल्टिमोरच्या एडविन हॉल या विद्यार्थ्याला ते पटेना. त्याने काचेवर सोन्याचा वर्ख लावून वीज सोडली, चुंबकात धरला आणि आडवं, किंचित व्होल्टेज मोजलं.

त्याच तत्त्वावर सेन्सर कॅमचे दात ओळखतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. म्हणून पिस्टन कॉम्प्रेशनला वर आलाय की एक्झॉस्टला, ते कळतं. उष्णतेने चिप बिघडते, कनेक्टरमध्ये ऑइल शिरतं, सिग्नल जातो.

ग्रंथात आहे म्हणून हॉलने मानलं नाही. एरर कोड आला म्हणून आपणही लगेच सेन्सर बदलू नये. आधी वायरिंग मोजून बघावं.