मिशन : शब्द एक, पाठवणारे अनेक

केडगावात 'मिशन' म्हणजे जागा. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुलींना तिथे आसरा मिळाला, हाताला काम मिळाले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या रमाबाईंनी धर्म बदलला तेव्हा सनातनी खवळले. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, हे आम्ही विसरत नाही.

या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन, अर्थ 'पाठवणे'. म्हणून अर्थ कोणताही असो, आम्ही एकच विचारतो : पाठवणारा कोण?

1906 साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. इथे मिशन म्हणजे सेवा. तिचे मोल आम्ही जाणतो. पण सेवेत देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा राहतो. 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी ठणकावले : अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यच करू शकतात.

1946 चे कॅबिनेट मिशन म्हणजे ब्रिटिश सरकारने पाठवलेले मंत्री. त्यांनी संविधान सभेच्या निवडणुकीसाठी सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख असे तीनच गट मानले. अस्पृश्यांना वेगळे स्थान दिलेच नाही. पाठवणारा दुसरा असला की असेच होते.

आज आम्ही 'बाबासाहेबांचे मिशन' म्हणतो. इथे पाठवणारा समाज आहे, जाणाराही समाजच. म्हणून मिशनच्या नावाने पावत्या फाडणाऱ्यांनी हिशेबही समाजालाच द्यावा. नाहीतर तो धंदा. त्याला मिशन म्हणू नये.