हिला स्पॅनिश का म्हणतात?

सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटारचा मूळ नमुना गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणला. त्याचं नाव ‘ईएस-३३५’. यातलं ‘ईएस’ म्हणजे ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात घडलेल्या आणि ब्लूजवाल्यांच्या हातात गाजलेल्या या वाद्याचा स्पेनशी काय संबंध? या दोन अक्षरांच्या मागे लागलो, तर वाट हवाई बेटांवरून निघून आमच्या खानदेशाच्या उंबरठ्यापाशी येऊन पोचली.

आधी वस्तू पाहू. नंदुरबारला माझ्या घरी नुकतीच आलेली गिटार याच साच्यातली, पण स्वस्तातली. पातळ पोट, वर व्हायोलिनला असतात तशा एफ आकाराच्या दोन फटी. फटीतून बॅटरीचा उजेड टाकला की मधोमध उभा गेलेला लाकडी ठोकळा दिसतो. त्याच्या दोन्ही अंगांना पोकळी. पोकळीने सूर भरतो हे नवापूरकडच्या पावरी वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्याच्या वाद्याला भोपळा असतोच. पण पूर्ण पोकळ गिटार अ‍ॅम्पला जोडून आवाज चढवला, की स्पीकरचा नाद तिच्या पोटात शिरतो, पोट आणि तारा थरथरतात, ती थरथर पिकअपमधून पुन्हा स्पीकरला जाते आणि कर्कश शिट्टी सुरू होते. ठोकळा ती थरथर आवरतो. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास पाइनच्या ठोकळ्याला जुन्या गिटारची दोन अर्धी अंगं जोडून असलं काही करून पाहिलं होतं. पुढे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या कारकिर्दीत गिब्सनने ते कारखान्यात बसवलं. बांधणीची गोष्ट एवढीच.

नावाची मात्र इथून सुरू होते. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये विकायला काढलेल्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाद्याला लोक ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. ती हवाईयन पद्धतीची: तार बोटाने पडद्यावर दाबायची नाही, पोलादी कांडी तिच्यावरून सरकवायची. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनापासून अमेरिकेला या आवाजाचं वेड होतं. गिब्सननेही आधी १९३५ मध्ये हवाईयन इलेक्ट्रिक काढली, मग १९३६ मध्ये ‘ईएस-१५०’. अंगाशी धरून, पडद्यांवर बोटं दाबून वाजवायची ती स्पॅनिश. थोडक्यात, जी हवाईयन नाही ती स्पॅनिश!

मग हे सरकवणं हवाईत आलं कुठून? रूढ उत्तर आहे जोसेफ केकुकू. ओआहू बेटावरच्या लाइए गावचा हा पोरगा. रुळांवर सापडलेला बोल्ट तारेला लागला, सूर घसरत गेला, आणि पुढे शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने पोलादी कांडी घडवली, अशी कथा सांगतात. जेम्स होआ हा दुसरा दावेदार. तिसरा गॅब्रिएल डेव्हियन, आणि माझं मत याला. संगीतकार चार्ल्स किंग यांच्या आठवणीनुसार १८८४ च्या सुमारास माउई बेटावर हा तरुण नव्याच तऱ्हेने गिटार वाजवून लोकांना थक्क करत होता. जन्म भारतातला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला.

तारखा मांडून पाहा. केकुकूचा जन्म १८७४ चा, म्हणजे १८८४ मध्ये तो दहा वर्षांचा. त्याची कामेहामेहा शाळा उघडली १८८७ मध्ये, तेव्हा तिथली कांडी त्यानंतरचीच. खरी अडचण वेगळी आहे: किंग हेही १८७४ चेच. माझा साक्षीदारही दहा वर्षांचा पोर! तरी दहाव्या वर्षी पाहिलेला असा वादक माणूस विसरत नाही, असं मी म्हणेन.

डेव्हियनच्या जन्मभूमीत हे सरकवणं होतं का? इथे येतो खानदेशाचा उंबरठा. तेराव्या शतकात खानदेशावर सत्ता असलेल्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेव होते. त्यांच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात एकतंत्री वीणा आहे: पडदे नाहीत, तार एकच, आणि डाव्या हाताने तिच्यावर सरकवायची बांबूची कांब. दक्षिणेत हेच तंत्र गोटुवाद्यात दिसतं; ते मैफलीत रुजवणारे तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव नावावरून तरी तंजावरच्या मराठी मंडळींतले वाटतात. यावर टीकाकार विचारतील, पळवून नेलेल्या पोराला कुठली वीणा येणार? येण्याची गरजच नाही. कानात मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, असली की पुरे. ज्याच्या कानात ती आहे त्याला पडद्यापडद्याला तुटणारा सूर खुपतो, आणि हात चाकू, कंगवा, मिळेल ते उचलतो. १९६० च्या दशकात ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन गिटारवर राग मांडले, ते मला या तंत्राचं माहेरपण वाटतं.

मिसिसिपीत कृष्णवर्णीय मुलं भिंतीला तार ठोकून तिच्यावर बाटली सरकवत, त्यामुळे हे तंत्र स्वतंत्रपणे दोनदा सुचू शकतं, हा प्रतिवाद सगळ्यांत भक्कम. पण हे दोन्ही प्रवाह पुढे एकाच माणसाच्या बोटात मिळाले. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांना हवाईयन गिटारचा नाद आवडे, पण नात्यातले ब्लूजवाले बुका व्हाइट यांच्यासारखी स्लाइड, म्हणजे तारेवर नळी सरकवणं, जमेना, म्हणून त्यांनी तार दाबलेलं बोटच थरथरवायला सुरुवात केली. ते वाजवत होते ‘ईएस’ घराण्यातलीच गिटार. ‘हवाईयन नव्हे’ असं नाव लावणाऱ्या वाद्यातून त्यांनी हवाईयन सूर काढला.

म्हणून नव्या गिटारवर मी आधी कॉर्ड न धरता एकाच तारेवर बोट ओढतोय. केकुकूवाल्यांनी १८८४ च्या आधीचा कागद दाखवावा, मी पक्ष बदलायला तयार आहे.