शिशाचा हिशेब

आमच्या लहानपणी गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी चांदमारीचं मैदान होतं. आता तिथे कॉलनी झाली आहे. रिक्षावाल्याला ‘चांदमारी’ म्हटलं की तो बरोबर कॉलनीच्या तोंडाशी आणून सोडतो, पण नाव कशावरून पडलं ते त्याला ठाऊक नसतं. चांद म्हणजे निशाणाच्या फळीवरचं गोल वर्तुळ. पोलीस तिथे नेमबाजीचा सराव करायचे. फळ्यांच्या मागे मातीचा उंच भराव होता, म्हणजे सुटलेली गोळी त्यात रुतून बसायची. सराव असला की लाल निशाण लागे आणि आवाज पार आमच्या शाळेत ऐकू येई.

निशाण उतरलं की आमचं काम सुरू! आमचं म्हणजे माझं आणि माझ्या धाकट्याचं. साल १९६०-६१. मी अकरा-बारा वर्षांचा, तो सात-आठ वर्षांचा. पहिल्या पावसाने भरावाची माती धुपली की गोळ्या आपसूक उघड्या पडत. एरवी खुरप्याने उकरायच्या. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळ्यांना वरून धातूचं पातळ कवच आणि आत शिसं. काही आदळून फुलासारख्या उमललेल्या, काही नुसत्या वाकलेल्या. राखणदार दिसला की धूम ठोकायची. हे चोरीत मोडतं की नाही, याचा विचार केल्याचं आठवत नाही.

घरामागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून एका फुटक्या कढईत त्या गोळ्या टाकायच्या. शिसं वितळायला ३२७ अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे साध्या लाकडांच्या जाळावर ते पाणी होतं. कवचं शिशापेक्षा हलकी, ती वर तरंगतात. ती चिमट्याने बाजूला काढायची. वर राखेसारखी करडी साय धरते, ती पळीने खरडायची. मग खालचं चकचकीत शिसं विटेत कोरलेल्या खाचेत ओतायचं. एकदा ओली गोळी कढईत पडली आणि पाण्याची वाफ होऊन शिशाचे थेंब फटाक्यासारखे उडाले. माझ्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. त्यानंतर गोळ्या आधी उन्हात वाळवायची शिस्त लागली. त्या कांड्या बंदरावरचे कोळी जाळ्यांना वजन म्हणून लावायला घेत. वजनावर पैसे मिळत.

फुंकणी मारायचं काम धाकट्याचं. साय खरडायचं कामही त्याचंच. ती करडी पूड तो एका डबीत साठवायचा, तिला ‘चांदी’ म्हणायचा. आणि मग त्याच हातांनी खिशातले शेंगदाणे खायचा.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवायला निमित्त झालं अमेरिकेचं.

२००९ साली आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिच्या शेजारचे गृहस्थ माझ्याच वयाचे, निवृत्त. एका शनिवारी ते गाडीतून बादल्या उतरवत होते. उचलताना त्यांची होणारी दमछाक पाहून मी हात लावायला गेलो, तर एवढीशी बादली जागची हलेना. आत पाहिलं, तर माझी चांदमारी! मातीने माखलेल्या, वाकड्या-तिकड्या गोळ्या. तिकडे नेमबाजीच्या मैदानांवर असा मातीचा भराव असतोच. परवानगी काढून लोक ती माती चाळतात, शिसं गोळा करतात आणि घरी पुन्हा गोळ्या ओततात. नेमबाजीचा शौक महाग. वापरलेलंच शिसं पुन्हा वापरलं की खर्च कमी.

त्यांची पद्धत आमचीच होती, फक्त कढईच्या जागी बिडाचं भांडं आणि विटेच्या जागी केक भाजायचा साचा. कवचांचं तांबं ते वेगळं विकत. नुसतं शिसं मऊ पडतं, म्हणून गोळी कठीण होण्यासाठी ते त्यात छापखान्याचे जुने खिळे वितळवत. हे ऐकून मला गंमत वाटली. खिळ्यांत शिशाबरोबर कथील आणि अँटिमनी असतं, त्याने कठीणपणा येतो. आमच्या शाळेचं हस्तलिखित पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा मी खिळे जुळवणाऱ्याशेजारी तासन्‌तास उभा असायचो. म्हणजे अक्षर आणि बंदुकीची गोळी, दोन्हीला एकच धातू चालतो!

पण मला थबकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. माझा नातू तेव्हा सहा वर्षांचा. तो कुतूहलाने पुढे झाला, तर त्या गृहस्थांनी जवळजवळ ओरडूनच त्याला मागे सारलं. मग मला शांतपणे समजावून सांगितलं: मुलांना इथे बंदी. वाफेपेक्षा वाईट ती वर जमणारी राख आणि हाताला लागणारी धूळ, कारण हात तोंडात जातात. ते स्वतः हातमोजे, मुखपट्टी घालत, काम उघड्यावर करत, कपडे वेगळे धुवत आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेत.

मी घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो होतो. ही म्हणाली, ‘काय झालं?’ म्हटलं, काही नाही.

त्याच मुक्कामात जावयांनी न्यूयॉर्क दाखवलं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला बोलिंग ग्रीन नावाचं छोटंसं उद्यान आहे. त्याचं लोखंडी कुंपण १७७१ सालचं. खांबांची टोकं हाताने चाचपली तर ती कापलेली जाणवतात. त्या टोकांवर नक्षी होती, ती लोकांनी करवतीने उतरवली. कुंपणाच्या आत इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावरचा पुतळा होता. जोसेफ विल्टन या शिल्पकाराने घडवलेला, शिशाचा आणि वरून सोन्याचा मुलामा. १७६६ मध्ये स्टँप कायदा रद्द झाला म्हणून खूश झालेल्या न्यूयॉर्ककरांनीच तो मागवला आणि १७७० मध्ये बसवला. सहाच वर्षांनी, ९ जुलै १७७६ रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैन्यापुढे वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने दोर लावून राजाला खाली ओढलं.

पुढची हकिगत माझ्या जास्त जिव्हाळ्याची. वसाहतींकडे दारूगोळ्याची टंचाई होती आणि इथे सुमारे ४ हजार पौंड शिसं आयतं हाती आलेलं! ते कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी नेण्यात आलं. हे वॉलकॉट पुढे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. घराशेजारच्या सफरचंदांच्या बागेत एक छप्पर उभारलं. वॉलकॉटांनी लाकडं फोडायच्या कुऱ्हाडीने राजाचे तुकडे केले आणि घरातल्या नि शेजारच्या बायका-मुलींनी ते वितळवून गोळ्या ओतल्या.

या कामाची यादी वॉलकॉटांच्या कागदपत्रांत टिकून राहिली. मला ती फार आवडते, कारण ती अगदी आपल्या घरगुती हिशेबाच्या वहीसारखी आहे. मिसेस मार्विन ६,०५८. रूथ मार्विन ११,५९२. लॉरा ८,३७८. मेरी अॅन १०,७९०. फ्रेडरिक ९३६. मिसेस बीच १,८०२. इतर किरकोळ लोकांनी केलेल्या २,१८२. गावच्या शिबंदीला दिलेल्या ५०, एका पलटणीला दिलेल्या ३००. एकूण ४२,०८८. मी बेरीज करून पाहिली. (मास्तरकी जात नाही!) बरोबर जुळते.

दुसरं गणितही केलं. त्या काळच्या मस्केटच्या गोळ्या पौंडाला अठरा-वीस धरल्या, तर ४२,०८८ गोळ्यांना २,१०० ते २,३०० पौंड शिसं लागेल. म्हणजे पुतळ्याचा निम्म्याहून थोडा जास्त भागच लिचफील्डला ओतला गेला. बाकीचं कुठे गेलं? काही तुकडे वाटेतच राजनिष्ठांनी पळवले आणि दलदलीत पुरले, असं म्हणतात. १८७१ मध्ये कनेक्टिकटमधल्याच एका दलदलीत घोड्याची शेपटी सापडली. ती आज न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे. योगायोग पाहा, त्या गावाचं नावही विल्टन!

ही गोष्ट सांगताना लोक हसतात. राजाच्याच गोळ्या राजाच्या सैन्यावर. मीही हसलो. पण यादीतला एक आकडा मनातून जाईना. फ्रेडरिक, ९३६. हा वॉलकॉटांचा मुलगा नोव्हेंबर १७६७ मध्ये जन्मलेला. म्हणजे त्या उन्हाळ्यात आठ वर्षांचा. म्हातारपणी त्याला सगळं नीट आठवत होतं: ते छप्पर, वडिलांची कुऱ्हाड, मुलींची चाललेली मौज. त्याच्यासाठी तो खेळच होता. आमच्यासाठी तरी दुसरं काय होतं?

शिसं वाईट, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं असं म्हणावं, तर तसंही नाही. त्याच जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन फ्रँकलिन मुळात छपाईच्या धंद्यातले. लंडनच्या छापखान्यात तरुणपणी ते खिळे विस्तवापुढे शेकून घेत, तेव्हा एका म्हाताऱ्या कामगाराने त्यांना बजावलं होतं, अशाने हात निकामी होतील. १७८६ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकिगत सांगितली आहे. शिशाची बाधा साठ वर्षांपूर्वीही लोकांना माहीत होती, एखादं उपयोगी सत्य माहीत झाल्यावरही अंगवळणी पडायला किती काळ जातो बघा, असा त्यांचा सूर आहे.

पण ती मोठ्या माणसांची, हात लुळे पडण्याची, पोटशुळाची गोष्ट. मुलांचं काय होतं हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९४३ मध्ये बायर्स आणि लॉर्ड या दोघांनी शिशाच्या बाधेतून ‘बऱ्या झालेल्या’ वीस मुलांचा माग काढला. त्यांतली एकोणीस शाळेत मागे पडलेली किंवा वागणुकीत बिघडलेली निघाली. मग १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. दातांतलं शिसं कोणाला ठाऊक नसताना त्या मुलांच्या शिक्षकांना विचारलं होतं: मूल लक्ष देतं का? सांगितलेलं करतं का? हातातलं काम पुरं करतं का? ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांच्याबद्दल शिक्षकांची उत्तरं वाईट. बाहेरून आजारी दिसणारं त्यांत एकही मूल नव्हतं.

हे मी निवृत्तीनंतर वाचलं आणि माझ्या हातची प्रगतिपुस्तकं आठवली. ‘लक्ष नसते.’ ‘सांगितलेले विसरतो.’ ‘काम अर्धवट सोडतो.’ जवळजवळ तेच शब्द. आणि ज्याला हे शब्द मी सगळ्यांत आधी ऐकवले, तो माझ्या वर्गातला नव्हता, घरातला होता. १९६६ मध्ये मी मॅट्रिकला, धाकटा सातवीत. त्याचा अभ्यास घ्यायचं काम वडिलांनी माझ्याकडे दिलं होतं. त्याला अपूर्णांक काही केल्या डोक्यात राहत नसत. आज समजले, उद्या पुसले. मी त्याला मठ्ठ म्हणायचो. पट्टीने मारायचो. सातवीत दोनदा नापास होऊन त्याने शाळा सोडली.

आता कोणी म्हणेल, मास्तर, उगाच कशाला जिवाला लावून घेता? कधी त्याचं रक्त तपासलं नाही, दात जपले नाहीत. कितीतरी मुलांना अपूर्णांक येत नाहीत. शिवाय ९३६ गोळ्या ओतणारा तो फ्रेडरिक पुढे न्यायाधीश झाला आणि जवळजवळ सत्तर वर्षं जगला! हे सगळं मी स्वतःलाही सांगून पाहिलं आहे. फ्रेडरिकने एक उन्हाळा काम केलं, आमच्या धाकट्याने तीन पावसाळे राख फुंकली, हेही मग आठवतं. लहान मुलाचं शरीर पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेतं, हेही आठवतं. पुरावा कुठल्याच बाजूचा नाही. असो.

गेल्या दिवाळीत तो आला होता. त्याचं बरं चाललं. मोटार गॅरेजात कामाला लागला, पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं, आता मुलगा बघतो. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस! फराळ झाल्यावर मी त्याला हे सगळं सांगितलं. चांदमारी, कढई, राख, ते दुधाचे दात. बोलता बोलता माझा आवाज जड झाला. तो ऐकून घेत होता. मग हसून म्हणाला, ‘‘दादा, शिशाचं काही मला कळत नाही. पण तू मारायचास ते लक्षात आहे.’’

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘‘आणि कोळ्यांकडनं आलेले पैसे तू एकटाच ठेवायचास. मला म्हणायचास, तुझा हिशेब नंतर.’’

वॉलकॉटांच्या वहीत आठ वर्षांच्या पोराच्या नावापुढेही आकडा आहे. आमच्याकडे वहीच नव्हती. तो निघताना मी एक पाकीट त्याच्या खिशात घालायला गेलो, तर त्याने माझा हात धरून ते परत माझ्याच खिशात सरकवलं. ‘‘राहू दे दादा,’’ म्हणाला. मनगटावरच्या त्या जुन्या डागावर त्याचा अंगठा क्षणभर टेकला होता. मग त्याने चपला घातल्या आणि तो जिना उतरला.