एंजिनावरील कांटा आणि त्याची परीक्षा

सन 1969 मध्यें तारापूर येथें अणुवीजकेंद्र सुरू झालें आणि बोइसरचें नांव दूरवर गेलें. तेथेंही अखेर पाणी उकळून वाफच केली जाते. व वाफेशीं या मुलुखाचा परिचय त्याहून शतकभर जुना आहे. 1864 सालीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग सुरतेहून ग्रँट रोडपर्यंत जोडला गेला, तेव्हांपासून पालघरच्या भातखाचरांजवळून वाफेचीं एंजिनें धावूं लागलीं. विरारपर्यंत वीज 1936 सालीं पोंचली. पुढें उत्तरेस वाफेचें राज्य आणखी कित्येक वर्षें टिकलें.

त्या एंजिनांत ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर दाबमापकाची तबकडी असे. 1947 सालीं आलेल्या डब्ल्यूपी जातीच्या एंजिनाच्या बॉयलरांत दर चौरस इंचास 210 पौंड दाब धरलेला असे. एवढी शक्ति आवरण्याचा भरंवसा एका कांट्यावर!

ही युक्ति यूजेन बूर्दों या फ्रेंच यंत्रज्ञानें 1849 सालीं काढली. चपटी केलेली धातूची नळी कमानीसारखी वांकवून तिचें एक टोंक बंद केलेलें असतें. आंत दाब वाढला कीं ती किंचित् उलगडते. ही अल्पशी हालचाल तरफ व दांत्यांचीं चाकें वाढवून कांट्यास देतात. दांत्यांतील ढिलाई एक केसासारखी बारीक स्प्रिंग ओढून धरते.

दाबमापकाकडे जाणाऱ्या नळीस मुद्दाम एक वेढा दिलेला असतो. त्यांत वाफेचें पाणी होऊन साचतें, म्हणून तप्त वाफ आंतील कमानीस भिडत नाहीं. वेढा साफ करून कोरडाच बसविला, तर पहिल्याच वाफेनें कमान तापते आणि तिचा ताठा बिघडतो.

एंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीची सोय पुढें दोहद येथें झाली. परंतु कांटा बिघडण्यास तितकी वाट पाहत नाहीं. बंद पडलेला कांटा एक वेळ परवडला; चालता असून खोटें दाखविणारा घातक. सुरक्षा-झडप उडूं लागली आणि कांटा तांबड्या रेघेच्या बराच अलीकडे असला, तर दोहोंपैकीं एक खोटें बोलत आहे हें निश्चित. कोण, तें परीक्षेवांचून ठरत नाहीं.

परीक्षेस तेलानें भरलेला दट्ट्या लागतो. त्यावर माहीत असलेलीं वजनें ठेवून कांटा पाहावयाचा. चूक सर्वत्र सारखी असेल, तर कांटा उपटून नीट बसविला कीं झालें. दाबाबरोबर चूक वाढत असेल, तर तरफेचा सांधा सरकवावा लागतो. कमानीस चीर असल्यास मात्र डाख लावून तिला वांचविण्याचा मोह टाळावा, ती बदलावीच. मग वजनें चढवितांना एकदां व उतरवितांना पुन्हां, असे दोन्ही वेळचे आंकडे ताडून पाहिल्यावरच तबकडीवर कांच बसवावी.