छावणीतून पेठेकडे : निर्वासितांच्या शासकीय वसाहतींचा इतिहास

कापड-व्यवसायाच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांचे कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जाणे-येणे असते. तेथील ठोक बाजारात माल पाहायचा, भाव ठरवायचा, गाठी ट्रान्सपोर्टला द्यायच्या आणि रात्रीच्या गाडीने सोलापूर गाठायचे, हा माझाही अनेक वर्षांचा परिपाठ. ज्या भूमीवर ही पेठ उभी आहे ती एकेकाळी निर्वासितांची छावणी होती, हे मात्र मला पुष्कळ उशिरा कळले. स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची विश्वस्त मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा तोच इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

या छावणीचे पहिले रहिवासी सिंधी नव्हते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले पोलंडचे हजारो नागरिक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतील अनाथ मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात बालाचडी येथे आश्रय दिला. १९४३ साली कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे मोठी छावणी उभारण्यात आली आणि तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. रांगेने बांधलेल्या बराकी, शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर असे ते एक छोटे गावच होते. १९४८ पर्यंत ही मंडळी निरनिराळ्या देशांत निघून गेली आणि त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली. वळिवड्याच्या छावणीचे पुढे गांधीनगर झाले.

पंजाब आणि बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र संपूर्ण पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासितास निदान आपली भाषा बोलणारा अर्धा प्रांत भारतात उरला होता. सिंधी बांधवांस तेवढाही आधार राहिला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर तेथून निघणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. बोटींनी मुंबईस उतरलेल्या या लोकांना ठेवावे कोठे, हा सरकारपुढील पहिला प्रश्न होता. युद्ध संपल्याने रिकाम्या झालेल्या लष्करी छावण्या तेवढ्या हाताशी होत्या. कल्याणजवळच्या अशा छावण्यांत सुमारे एक लाख लोकांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. चेंबूर, मुलुंड, पिंपरी येथेही वसाहती झाल्या. शीव-कोळीवाड्यात पंजाबी निर्वासित वसले.

छप्पर मिळाले तरी ते घर आपले कधी होणार, हा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारने सप्टेंबर १९४७ मध्येच पुनर्वसनासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले होते. पुढे १९५० च्या कायद्याने निर्वासितांनी मागे सोडलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे तपासले गेले आणि १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाईची व्यवस्था झाली. दावा जितका मोठा, तितके भरपाईचे प्रमाण कमी, असे सूत्र होते. सरकारी घरात राहणाऱ्यास घराची किंमत आपल्या भरपाईतून वळती करून घेता येई. परंतु या व्यवस्थेतील एक उणीव आपल्यासारख्या व्यापाऱ्यांच्या चटकन लक्षात येईल. भरपाई होती ती स्थावराची. दुकानातील माल, गिऱ्हाइकांकडे राहिलेली उधारी आणि दोन पिढ्यांनी कमावलेली पत यांचा दावा कोणत्या कार्यालयात करावा? आणि जो तिकडेही भाड्याच्याच घरात राहत होता, त्याच्याकडे दावा करण्यासारखे होतेच काय?

आपला समाजही या आपत्तीतून सुटला नाही. आचार्य विजयवल्लभसूरीजी १९४७ मध्ये गुजरांवाला येथे होते. फाळणीनंतर ते श्रीसंघासह भारतात आले. मुलतानच्या दिगंबर जैन बांधवांनी मूर्ती आणि शास्त्रे जपून आणली आणि पुढे जयपूरच्या आदर्शनगरात मंदिर उभारले.

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या चाटी गल्लीत गांधीनगरच्या व्यापाऱ्यांविषयी चांगले बोलले जात नसे. 'रुपयाला आण्याच्या नफ्यावर माल फुंकतात आणि बाजार बिघडवतात,' ही तक्रार मी दुकानात बसून ऐकली आणि पुढे स्वतःही केली. नफा थोडा आणि उलाढाल मोठी, या त्यांच्या पद्धतीमागचे कारण शोधण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत. ज्याच्यामागे पेढी नाही, ओळख नाही, ज्याची भाषा गिऱ्हाइकाला कळत नाही, त्याने कमी भावाखेरीज दुसरे काय पुढे करावे? ज्यास आम्ही अप्रामाणिक स्पर्धा म्हणत होतो, ती पोटाची निकड होती. मला हे समजेपर्यंत माझे केस पिकले.

या वसाहतींचा प्रश्न अद्याप पूर्ण सुटलेला नाही. बराकींच्या जागी इमारती उठल्या, पण जमिनीचे कागद अनेक ठिकाणी अपुरेच राहिले. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागला. सिंधी विस्थापितांच्या जमिनींचे पट्टे नियमित करण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने अभय योजनेस मंजुरी दिली ती २०२५ साली. शासनाने निवारा तत्परतेने दिला. मालकी देताना मात्र पिढ्या गेल्या.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. गांधीनगरला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ते अवश्य पाहावे. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त चतुर्विध दान सांगताना आहार आणि औषध यांच्याबरोबर आवासही सांगितला आहे. तेथील संदर्भ संयमी जनांच्या सेवेचा आहे, हे खरे. तथापि बेघर होऊन आपल्या दारी आलेल्या माणसाचे प्रथम स्वागत करावे आणि भावाची घासाघीस नंतर करावी, एवढा बोध श्रावकाने त्यातून घेण्यास हरकत नसावी. आपल्या संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत असा प्रसंग आलाच, तर आपली गल्ली आमच्या पिढीपेक्षा अधिक उदार ठरो, ही प्रार्थना.