केरीचे मातीचे घर : एक अलिखित दस्तऐवज

गोमंतकाच्या ख्रिस्ती इतिहासाचे लेखन बहुतांशी चर्चे, मठ आणि किल्ले यांच्या आधारे झाले आहे. पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या केरी गावाचेही तसेच. नदीपलीकडील तेरेखोल किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ साली सावंतवाडीकरांकडून घेतला, ही नोंद सर्वत्र आढळते. किल्ल्यातील संत अंतोनीच्या चर्चचाही उल्लेख होतो. अलीकडच्या काठावरील शेतकऱ्याचे घर मात्र इतिहासात येत नाही. त्या घराचाच येथे विचार करावयाचा आहे.

या भागातील जुने घर म्हणजे तांबड्या मातीच्या वा चिऱ्यांच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली भुई, पुढे पडवी, आत माजघर आणि मागे चूल. शेजारी गोठा, विहिरीजवळ न्हाणी, अंगणाच्या कडेला गवताची उडवी आणि दूर शेतात किंवा बागायतीत मांगर. यांत शोभेसाठी काहीच नाही. जे आहे ते पावसासाठी आणि भातासाठी. भिंतीची माती वाहून जाऊ नये म्हणून वळचण खाली ओढलेली, उघड्या बाजूला विणलेल्या चुडतांचा आडोसा. पाऊस सरला की खळे चोपून सारवावे आणि तेथेच धान्य मळावे.

छपराचा इतिहास आपणा धर्मसेवकांना विशेष जवळचा आहे. पूर्वी छप्पर गवताचे, चुडतांचे किंवा कुंभाराच्या नळ्यांचे असे. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. धर्मांतरामुळे जातीचा व्यवसाय आणि आश्रय यांना मुकलेल्यांना काम मिळावे, हा मिशनच्या उद्योगांमागील हेतू होता. मंगळुरी कौले पुढे साऱ्या किनाऱ्यावर पसरली. देवळावर, चर्चवर आणि शेतकऱ्याच्या गोठ्यावर ती सारखीच बसली. त्यांचा धर्म कोणी विचारला नाही.

अंगणाचा इतिहास मात्र बोचरा आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानाने नवख्रिस्ती कुटुंबांच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली. आवारात तुळस लावणेही त्यांत आले. श्रद्धेची पारख रोपट्यावरून होऊ लागली! केरी तेव्हा सावंतवाडीच्या सत्तेखाली होते. पेडणे पोर्तुगिजांकडे आले ते १७८८ साली, आणि नव्या काबिजादींत लोकांच्या धर्माला व रूढींना हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले. म्हणून येथील हिंदू घरांपुढे तुळशीवृंदावन टिकले, तर जुन्या काबिजादींत ख्रिस्ती घरांपुढे चौथऱ्यावर क्रूस उभा राहिला. दोन्हींपुढे दिवा लागतो. दोन्हींचा अर्थ एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी देवाला अंगणात, सर्वांच्या दृष्टीसमोर स्थान देण्याची ही रीत एकाच भूमीची आहे. फर्मानाला रोप उपटता आले, रीत उपटता आली नाही. धर्मशिक्षण देताना हे विसरून चालणार नाही.

वेल्समध्ये टी माउर नावाचे एक साधे दगडी शेतघर जतन केले आहे. १५८८ साली संपूर्ण बायबल वेल्श भाषेत प्रसिद्ध करणारे बिशप विल्यम मॉर्गन यांचे ते जन्मस्थळ होय. आपल्या घरांना अशा थोर नावाची वाट पाहता येणार नाही. मातीची भिंत एका पावसात खचते. राहणाऱ्याला पक्के घर हवे, हे न्याय्यच आहे. पण ते मोडण्यापूर्वी त्याची नोंद व्हावयास हवी. घरभेटीस जाणाऱ्या धर्मशिक्षकाने भिंत कशाची, कौलावर ठसा कोणत्या कारखान्याचा, गोठा कोठे, अंगणात काय उभे आहे, एवढे वहीत लिहिले तरी पुष्कळ. पौलाने प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम पाठविला होता. ख्रिस्तमंडळाचा प्रारंभ घरातच झाला. आपल्या इतिहासाच्या वहीतही घराला पान मिळावे.